दंड आणि दंडारी

हातीं काठी असतांना ती न मारणें, यांत नीतीचा केवढा अंश आहे? राजुऱ्याकडील गोंड वस्त्यांतून दिवाळीच्या सुमारास जी दंडारी नाचतात, ती पाहतांना हा प्रश्न माझ्या मनांत आला. टिपरी तालाच्या आधीं पडली तर ती शेजाऱ्याच्या बोटांवर बसते. म्हणून प्रत्येकाला दुसऱ्याच्या हाताचें भान ठेवावें लागतें.

ईजिप्तमध्यें ‘तहतीब’ हा लाठीचा खेळ प्राचीन काळापासून चालत आला आहे. २०१६ सालीं युनेस्कोनें त्याला मानवतेच्या वारशांत स्थान दिलें. त्या लाठीचें अनुकरण करीत तेथील स्त्रिया हलकी, मुठीशीं वांकविलेली काठी घेऊन नाचतात. ती बोटांत गरगर फिरते, खांद्यावर विसावते, मस्तकावर तोलली जाते. आघात मात्र करीत नाहीं.

कोणी म्हणेल, शस्त्राचें खेळणें झालें कीं त्याचें तेज गेलें. मला तसें वाटत नाहीं. दुर्बळाच्या क्षमेला कसोटी कोठली? काठी फिरविण्याचें बळ अंगीं असून जो ती तालाच्या स्वाधीन करतो, त्याचाच संयम खरा.

तरुणपणीं शाळेंत शिकवीत असतां माझ्याही हातीं छडी होती, व ती मीं मुलांवर उगारली. पुढें २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शाळेंतील मारास बंदी केली. परंतु कायद्यानें सोडविलेली काठी आणि शेजाऱ्याच्या बोटांसाठीं आपण होऊन आवरलेली काठी, यांतील अंतर मला त्या निरक्षर नाचणारांनीं शिकविलें. फार उशिरां शिकविलें.