दोष कीं दुखणें?

एका खेड्यांतील उपदेशकानें मला विचारलें, "आमच्या मंडळींतील पंधरा वर्षांची एक मुलगी जेवण टाकते, आणि बाहीखालीं आपल्या हातावर जखमा करून घेते. शरीर देवानें दिलेलें; तें दुखविणें पाप. तर हिला मंडळीच्या शिस्तीखालीं आणावें काय?" मला तत्काळ उत्तर देववेना, कारण उपवासकाळांत त्याच मुलीच्या उपासाची मीं सर्वांदेखत वाखाणणी केली होती.

दोष ठरविण्यापूर्वीं पाहावें कीं, तिला थांबतां येतें काय? भक्तीचा उपास मनुष्य स्वेच्छेनें धरतो व स्वेच्छेनें सोडतो. रोगाचा उपास तसा नव्हे. 1873 सालीं पॅरिसचे डॉ. लासेग व लंडनचे सर विल्यम गल यांनीं या रोगाचें वर्णन केलें. पुढें 1944-45 सालीं अमेरिकेंत मिनेसोटा विद्यापीठांत 36 निरोगी तरुणांनीं, उपासमारीनें पीडलेल्यांस साहाय्य व्हावें म्हणून, सुमारें सहा महिने अर्धपोटीं राहणें पत्करिलें. युद्धांत शस्त्र धरण्यास विवेकबुद्धीनें नकार देणारे असे ते होते. तरी ते खिन्न, चिडखोर व एकलकोंडे झाले. अन्नावांचून त्यांना दुसरें सुचेना. म्हणजे भूक स्वतःच मन वांकविते. मग आधींच दुःखी असलेल्या कोवळ्या मनाची काय कथा?

जखमेचेंही असेंच. पुष्कळ मुलें मरण्यासाठीं नव्हे, तर बोलतां न येणारें दुःख क्षणभर हलकें व्हावें म्हणून तसें करितात. तथापि तें क्षुल्लक मानूं नये. अशा मुलांस पुढें आत्महत्येचा धोका अधिक असतो.

कोणी म्हणेल, दोष न दिल्यास हें वाढेल. परंतु दोष दिल्यानें मूल जखम लपवितें, आणि लपविलेल्या जखमेवर औषध चालत नाहीं. तापकऱ्यास आपण ताप चांगला असें म्हणत नाहीं. पण फटकेही मारीत नाहीं.

मार्काच्या 5 व्या अध्यायांत थडग्यांमध्यें राहून दगडांनीं स्वतःला जखमा करणारा एक मनुष्य आहे. लोकांनीं त्याला साखळ्या घातल्या. प्रभूनें त्याला नांव विचारलें, व बरा करून घरच्यांकडे धाडिलें. त्याच अध्यायांत याइराची बारा वर्षांची मुलगी उठली, तेव्हां तिला खावयास देण्याची आठवण त्यानेंच केली.

यास्तव मीं उपदेशकास सांगितलें: शिस्त नको. तिच्या अंगलटीविषयीं कोणी बोलूं नये. तिला एकांतीं विचारा व ऐका. मरावेंसें वाटतें काय, हेंही स्पष्ट विचारा. विचारल्यानें तो विचार मनांत उत्पन्न होत नाहीं. प्रार्थना करा, आणि डॉक्टरांकडेही न्या. दीर्घ उपासानें हृदय दुबळें होतें. सरकारचा टेलि-मानस दूरध्वनि, 14416, हा 2022 पासून विनामूल्य चालू आहे.

नंतर मीं स्वतः तिच्या घरीं गेलों व माझी चूक तिच्यापुढें कबूल केली. त्या दिवशीं ती फारसें जेवली नाहीं. पण तिनें बाही वर करून आईस हात दाखविला. वाचकहो, आपापल्या मंडळींतील मुलांकडे या दृष्टीनें पाहा.