वणव्याचा दोष कोणाकडे?

अरण्यास वणवा लागला म्हणजे 'लावला कोणीं?' हा प्रश्न सर्वांच्या तोंडीं प्रथम येतो. तो गैर नाहीं. आपल्याकडील पानगळीच्या रानांतल्या बहुतेक आगी माणसाच्याच हातून लागतात. परंतु लावणारा सांपडला म्हणजे दोषाचा हिशेब संपला, हा समज मात्र तपासून पाहण्याजोगा आहे.

मेळघाटाचें उदाहरण घेऊं. देशांतील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकीं हा एक. येथील रानांत वसंतऋतूंत मोहाचीं फुलें गळतात. पाचोळ्यांत तीं दिसत नाहींत, म्हणून वेचणारा झाडाखालचा पाचोळा पेटवितो. वारा सुटला कीं ती आग त्याच्या स्वाधीन राहत नाहीं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा अभयारण्यांत अशी आग लावणें गुन्हा मानतो. लावणाऱ्याच्या मनांत मात्र अरण्य जाळण्याचा हेतु नसतो. पोटासाठीं त्यानें झाडाखालची जागा साफ केलेली असते.

हेतु निर्मळ म्हणून परिणाम टळत नाहीं. आणि परिणामाविषयीं डोळा फसतो. जाड सालीचे मोठे साग बहुधा वांचतात, पावसाळ्यांत डोंगर पुनः हिरवा होतो, आणि पाहणारा समाधान पावतो. जळतात तीं कोवळीं रोपें. दरसाल असें घडलें तर वृद्ध वृक्ष उरतात, त्यांची जागा घेणारें कोणी उरत नाहीं. पांघरूण गेलेली माती पावसाबरोबर ओढ्यांत जाते.

मग आग सर्वथा वर्ज्य करावी काय? कर्नाटकांतील बिळिगिरी रंगन टेकड्यांतले सोलिग लोक पूर्वीं मोसमाच्या आरंभीं जमिनीलगत हलकी आग फिरवीत. ती बंद पडली आणि पुढें तेथें घाणेरीचें रान माजलें. या दोहोंचा संबंध कांहीं अभ्यासकांनीं सुचविला आहे. सुकलेली घाणेरी पेटली म्हणजे ज्वाळा झाडांच्या शेंड्यांस भिडतात. म्हणजे ज्याला आपण केवळ अपराध म्हणतों, त्यांत कधीं ज्ञानही असतें, आणि सरसकट मनाई करणाराही हानीचा वांटेकरी होऊं शकतो.

तात्पर्य, दोष आणि जबाबदारी या दोन वस्तु भिन्न आहेत. दोष हाताचा, जबाबदारी ज्याच्या अंगीं उपाय करण्याचें सामर्थ्य आहे त्याची. मोहाखालीं जाळें बांधलें तर फुलें आग न लावतां, शिवाय स्वच्छ मिळतात. हें ठाऊक असून जाळें न पुरवितां केवळ शिक्षेची भाषा बोलणारा समाज, सागवानी खुर्चींत बसून निर्दोष कसा ठरेल?