शिकारी कुत्र्याचा संयम

इंग्लंडांतील शिकारी लोकांपाशीं स्पॅनियल नांवाची लांब कानांची, बेताच्या उंचीची कुत्र्याची जात आहे. पॉइंटर जातीचा कुत्रा पक्ष्याचा वास लागतांच स्तब्ध उभा राहून जागा दाखवितो. स्पॅनियलचें काम याच्या उलट. त्यानें काटेरी जाळींत शिरावें, दडलेला फेझंट उठवावा, आणि पक्षी नाकासमोरून उडाला कीं त्याच क्षणीं तेथेंच खालीं बसावें. बार होतो, पक्षी पडतो, तरी हलावयाचें नाहीं. आज्ञा झाल्यावरच जावें आणि दांत न रोवतां तो पक्षी आणून धन्याच्या हातीं द्यावा. या बसण्यास व्यवहारांतलें कारण आहे. मागें धांवणारा कुत्रा बंदुकीच्या आड येतो, आणि पुढें दडलेले दुसरे पक्षी टप्प्याबाहेर उठवून देतो. आमचें कुतूहल मात्र निराळें आहे. उडत्या पक्ष्यामागें धांवणें हा ज्याचा जन्मस्वभाव, तो नेमक्या त्या क्षणीं बसतो. याला संयम म्हणावें काय?

हें शिक्षण देण्याची रीत पाहण्यासारखी आहे. प्रथम अन्नाच्या थाळीपुढें पिलास बसवितात. शब्द ‘हप्’, त्याच्या जोडीला वर केलेला हात किंवा शिटी. मग सशाच्या कातड्याची गुंडाळी फेकून त्यास बसूनच ठेवतात. पुढें पिस्तुलाचा रिकामा बार, मग कुंपणांतले जिवंत ससे. यांत एक मार्मिक खुबी आहे. फेकलेली वस्तु पुष्कळदां धनी स्वतःच जाऊन आणतो. कारण दर वेळीं कुत्र्यास जाऊं दिलें, तर ‘बस’ याचा अर्थ त्याच्या मनांत ‘आतां धांव’ असा होऊन बसतो. जनरल हचिन्सन यांनीं १८४८ सालीं या विषयावर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या नांवांत कुत्रा ‘मोडणें’ या अर्थाचाच शब्द आहे; पण आंत मारापेक्षां धीराची आणि सौम्यपणाची शिफारस आहे. नांव जुनें राहिलें, रीत पुढें गेली. आमच्या विद्येच्या प्रांतांत पुष्कळदां याच्या उलट घडतें.

परंतु सर्वांत महत्त्वाची सूचना जाणते शिक्षक देतात ती ही, कीं पिलास फार लवकर फार बसवूं नये. आधीं त्यास रानांत हुंदडूं द्यावें, वासाची चटक लागूं द्यावी. ज्यास कोवळ्या वयांतच पदोपदीं आवरलें, तो कुत्रा धन्याची टांच सोडीत नाहीं, दर चार पावलांनीं वळून त्याच्या तोंडाकडे पाहतो, आणि कांट्यांत शिरत नाहीं. तो कधींच पक्ष्यामागें धांवत नाहीं हें खरें. पण त्यास स्थिर म्हणून कोणी नांवाजीत नाहीं. इंग्लंडांत १८९९ पासून स्पॅनियलांच्या कसोट्या होत आल्या आहेत. त्यांत आज्ञेवांचून पडलेल्या पक्ष्यावर धांवणारा कुत्रा बाद होतो, आणि जाळीबाहेर घुटमळणाराही मान मिळवीत नाहीं.

संयम म्हटला कीं आपणांस गीतेंतील कांसव आठवतें. विषय सुटले तरी त्यांची गोडी उरते, असेंही गीतेनें तेथेंच बजाविलें आहे, आणि साधकास ती गोडी हा अडथळा आहे. कुत्र्याच्या शिक्षकास मात्र ती उरावयासच हवी असते. बसलेल्या स्पॅनियलचें अंग थरथरत असतें, डोळे पक्ष्यावर खिळलेले असतात. सत्कृत्यें करीत गेल्यानेंच मनुष्य सद्गुणी होतो, या अ‍ॅरिस्टॉटलच्या मतास हा कुत्रा चांगलें उदाहरण होईल, असें क्षणभर वाटतें. पण अ‍ॅरिस्टॉटलच्याच मतें, सद्गुणी म्हणावयाचें तर तें कृत्य त्याच्याचसाठीं, जाणून निवडलेलें असलें पाहिजे. पक्षी कां मारावयाचा, हें कुत्र्यास कोणी विचारीत नाहीं, आणि त्याचा संयम खर्च होतो तो दुसऱ्याच्या नेमासाठीं. प्लेटोनें मनुष्याच्या तेजास कुत्र्याची आणि विवेकास त्यास परत बोलावणाऱ्या धनगराची उपमा दिली. पण तो धनगर त्याच मनुष्याच्या आंत राहणारा आहे. स्पॅनियलचा धनगर बाहेर उभा असतो, हातांत बंदूक घेऊन.

हा भेद आम्ही वर्गांत अनेक वर्षें शिकवीत आलों, आणि आमच्या वर्गांत गडबड होत नाहीं याचा आम्हांस अभिमानही होता. गेल्या वर्षीं एका तासाला अ‍ॅरिस्टॉटल हा प्लेटोचा गुरु, असें आम्हीं मुद्दाम सांगून पाहिलें. आदल्याच आठवड्यांत याच्या उलट सांगितलें होतें. साऱ्या वर्गानें तें निमूटपणें उतरवून घेतलें. दुसऱ्या बांकावरील एका मुलाची लेखणी मात्र थांबली. त्यानें मान वर करून आमच्या तोंडाकडे पाहिलें, आणि पुन्हां खालीं घालून तो लिहूं लागला.