मालक की कारभारी?

आपल्या खेड्यांतील स्त्री नवऱ्याचा उल्लेख कधी ‘मालक’ असा करते, कधी ‘कारभारी’ असा. बोलण्याच्या ओघात तिला या दोन शब्दांत भेद जाणवत नसेल. पण नीतिशास्त्राच्या दृष्टीने त्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. मालकाला हिशेब विचारणारा कोणी नसतो. कारभाऱ्याच्या हातून जाणाऱ्या प्रत्येक पैशावर मात्र दुसऱ्या कोणाचा तरी हक्क असतो, आणि आज ना उद्या वही उघडावी लागणार हे त्याला पक्के ठाऊक असते. संपत्तीविषयी ख्रिस्ती धर्माची जी शिकवण आहे ती या एका भेदावर उभी आहे. मनुष्य कारभारी आहे. आणि उत्पन्नाचा दहावा भाग आधी बाजूस काढून देवकार्याला देण्याचा जो दशमांशाचा परिपाठ, तो या कारभारीपणाची उघड खूण.

हा विषय वाशीमकरांना परका वाटण्याचे कारण नाही. ज्या गावाला पूर्वी बाशीम म्हणत, तेथे १९३८ साली डॉ. ऑर्फा स्पायकर या अमेरिकन बाईंनी रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू केले. त्यांचा नॅझरीन पंथ १९०८ साली टेक्सासमधील पायलट पॉइंट येथे संघटित झाला, आणि दशमांश आपल्या मंडळीच्या भांडारात आणून द्यावा असा उपदेश त्याच्या नियमग्रंथातच आहे. या पंथाच्या स्त्रियांनी १९४९च्या सुमारास आणखी एक रीत पाडली: घरात एक लहानशी पेटी ठेवावयाची, एखादी वस्तू घेण्याचा मोह आवरला की तेवढे पैसे तीत टाकावयाचे, आणि त्यांतून दूरदेशी इमारती बांधावयाच्या. येशूच्या मस्तकावर मौल्यवान सुगंधी तेल ओतणाऱ्या स्त्रीच्या अलाबास्त्र कुपीवरून त्या पेटीला नाव दिले. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या मुष्टिफंडात दळणातले मूठभर धान्य बाजूस पडे, ते याच जातीचे. मोठी देणगी देणाऱ्याचे नाव दगडावर कोरतात. मुठीचे नाव कोणीच कोरीत नाही, आणि तिचे बळ नेमके त्यातच आहे.

पण दहावाच भाग का? अब्राहामाने मलकीसदेकास दहावा भाग दिला, याकोबाने बेथेल येथे तसाच नवस केला, असे शास्त्र सांगते. संख्येचे गूढ शोधण्यात मला रस नाही. शीखांचा दसवंध दहावा, मुसलमानांची जकात चाळिसावी, विनोबांनी मागितलेले दान सहावे. भागवताने तर धनाचे पाच वाटे सांगितले. आकडा कोणताही असो, तो ठरलेला असणे महत्त्वाचे. जे उरल्यावर द्यावयाचे ते बहुधा उरत नाही. पूर्वी खळ्यावरची रास घरी नेण्याआधीच बलुतेदाराचा वाटा निघे, यात मोठे व्यावहारिक शहाणपण होते.

कोणी म्हणेल, हा न्याय आंधळा आहे. समजा, एका शेतमजुरास दिवसाला ३०० रुपये मिळतात आणि एका प्राध्यापकास महिन्याला १ लाख. मजुराने ३० रुपये काढले तर त्याच्या पोरांच्या ताटातले काही कमी होईल. प्राध्यापकाने १० हजार काढले तर फार तर एखादा प्रवास राहील. अपूर्णांक एकच, भूक मात्र निराळी. आक्षेप खरा आहे, आणि केवळ श्रद्धेच्या दोहाईने तो उडवून लावू नये. पण जुना करार नीट वाचला तर असे दिसते की मूळचा दशमांश धान्याचा, द्राक्षारसाचा, तेलाचा आणि गुराढोरांचा होता. म्हणजे ज्याच्याजवळ शेत आणि कळप त्याच्यावरच तो पडे. अनुवादाच्या ग्रंथात तर दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश लेवी, उपरा, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी गावातच ठेवावा अशी आज्ञा आहे. ज्याच्यापाशी शेत नाही, तो या व्यवस्थेत घेणारा होता. तेव्हा कर्जात बुडालेल्या वऱ्हाडी शेतकऱ्याला, ‘आधी दहावा भाग दे, मग देव भरभराट करील,’ असे सांगणारा उपदेशक दशमांशाचा मूळ हेतूच उलटा करतो. ते दान नव्हे. तो नवसाचा व्यापार झाला. पुदिना, शेप आणि जिरे यांचा दशमांश काटेकोरपणे मोजून न्याय व दया विसरणाऱ्यांना येशूने कोणत्या शब्दांत फटकारले, हे सर्वश्रुत आहे.

उलट विधवेने दोन दमड्या टाकल्या, तिची त्याने वाखाणणी केली. म्हणून गरिबाला दानाचा अधिकारच नाही असेही म्हणता येत नाही. सदैव घेणाराच राहिल्याने मनुष्याची मान खाली जाते. परक्यांच्या पैशावर चालणाऱ्या मंडळ्यांत हे दुखणे जुने आहे. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभारला, त्यामागे हीच तळमळ होती.

टिळकांचे नाव आले म्हणून आणखी एक गोष्ट बोलावीशी वाटते. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना त्या उदार पुरुषाविषयी आदर वाटतो, आणि त्याच्या औदार्यापायी घर चालविता चालविता जिची तारांबळ उडे तिच्याविषयी त्याहून अधिक. दानशूराची कीर्ती सांगताना आपण त्याच्या स्वयंपाकघरात क्वचितच डोकावतो. कृपणाला दशमांश हा जुलूम वाटतो. पण मुक्तहस्ताला तो लगाम आहे. दहा शेर जोंधळ्यांतला एक शेर परमेश्वराचा म्हटल्याबरोबर उरलेल्या नऊ शेरांचाही हिशेब लागतो, कारण कारभाऱ्याचे काम दिलेल्यापुरते संपत नाही, ठेवलेल्याचेही असते. मुलीच्या शिक्षणाचे, म्हाताऱ्या आईच्या औषधाचे, घरी राबणाऱ्या गड्याच्या योग्य मजुरीचे पैसे त्या नऊ शेरांतच आहेत. गड्याची मजुरी कापून देवाला दिलेला दहावा शेर कोणत्या वहीत जमा धरावयाचा?