मीटर कुणाच्या हातात?

हानो एसेन हे स्वीडनचे भौतिकशास्त्रज्ञ. तिथल्या संशयवादी संघटनेचे एकेकाळचे अध्यक्ष. निकाल आधीच ठरवून बसणाऱ्यांपैकी ते नव्हेत. इटलीच्या आंद्रेआ रॉसींनी २०११ मध्ये बोलोन्यात ‘ई-कॅट’ दाखवलं. निकेल आणि हायड्रोजनमधून, घातलेल्या विजेच्या कितीतरी पट उष्णता मिळते, असा त्यांचा दावा. एसेन ते पाहायला गेले. पुढे २०१४ मध्ये लुगानोतल्या ३२ दिवसांच्या चाचणीतही ते होते. दिलेल्या ऊर्जेच्या तिपटीहून अधिक उष्णता मिळाली, असं अहवाल म्हणाला. दावेदारांना आणखी काय हवं होतं?

परीक्षक विद्यापीठांतले, म्हणून चाचणी ‘स्वतंत्र’. पण यंत्राच्या नळीत इंधन भरताना आणि शेवटी वापरलेल्या इंधनाची राख काढताना खुद्द रॉसी हजर होते, नुसते बघे म्हणून नव्हे. उष्णता मोजली थर्मल कॅमेऱ्याने. हा कॅमेरा अवरक्त किरणांवरून तापमानाचा अंदाज बांधतो, आणि समोरचा पृष्ठभाग किती किरण सोडतो हा आकडा त्याला आपणच द्यायचा असतो. नळी होती अ‍ॅल्युमिनाची. कॅमेरा ज्या लहरी टिपतो, त्यांत अ‍ॅल्युमिना आपल्या एकूण सरासरीपेक्षा बरेच जास्त किरण सोडतो. टीकाकारांचा आक्षेप नेमका इथे होता: आकडा सरासरीचा घेतला, म्हणून तापमान फुगलं, आणि किरणांवाटे जाणारी उष्णता तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते, म्हणून ती त्याहून फुगली. बिनइंधनाच्या नळीवर पडताळा घेतला होता, पण जेमतेम साडेचारशे अंशांपर्यंत. खरी चाचणी १२०० अंशांच्या वर चालली. नळीभोवती पाणी खेळवून ते किती तापलं एवढं मोजलं असतं, तर हा वादच उरला नसता.

एसेन यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. पण प्रामाणिक माणूस दुसऱ्याच्या यंत्रापाशी बसवला की चाचणी स्वतंत्र होत नाही. स्वतंत्र पडताळणी कशी असावी, याचं एक जुनं उदाहरण आहे. पॉन्स आणि फ्लाइशमन या रसायनशास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये कोल्ड फ्यूजनची, म्हणजे साध्या तापमानाला अणुकेंद्रं एकत्र येऊन ऊर्जा मिळते अशी, घोषणा केली, तेव्हा ट्रॉम्बेत पी. के. अय्यंगार यांच्या पुढाकाराने भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या अनेक गटांनी प्रयोग हाती घेतले. न्यूट्रॉन आणि ट्रिटियम सापडल्याचं त्यांनी कळवलं. जगाला ते पटलं नाही, कारण हवं तेव्हा तेच फळ देणारी कृती कुणालाच सांगता येईना. तरी रस्ता हाच बरोबर होता: स्वतःची उपकरणं, स्वतःचे हात. दावेदाराने यंत्र, इंधन आणि कृती परक्यांच्या स्वाधीन करावी आणि स्वतः खोलीबाहेर बसावं. एवढी तयारी नसेल, तर शंकेखोरांना हट्टी म्हणू नये.

रॉसींचं तंत्रज्ञान ‘इंडस्ट्रियल हीट’ या अमेरिकी कंपनीने एक कोटीहून अधिक डॉलर मोजून घेतलं होतं. करारातल्या उरलेल्या रकमेसाठी रॉसींनी २०१६ मध्ये दावा लावला. रॉसींनी सांगितलेले निष्कर्ष आम्हाला स्वतः मिळवता आले नाहीत, असं कंपनीने न्यायालयात सांगितलं. खटला २०१७ मध्ये तडजोडीने मिटला. यंत्र चालतं की नाही, हे ठरवायची वेळ ज्युरीवर आलीच नाही.