कोणती घेऊ?



गेल्या कार्तिकी एकादशीला जळगावात श्रीरामाच्या रथाचे दर्शन घेऊन संध्याकाळी घरी आलो, पाय धुतले आणि ओट्यावर टेकलो, तोच रावेरकडचा भाचा आला. केळीच्या व्यापारात त्याने बरे नाव काढले आहे. गळ्यात माळ आहे, एकादशी चुकवत नाही, सुपारीच्या खांडाचेही व्यसन नाही. भगरीची ताटली बाजूला सारून तो म्हणाला, "मामा, दोन महिने झाले, धड झोप नाही. निकाल तुम्ही द्या." मला वाटले, भावाभावांत शेताचे काही असेल, नाहीतर मुलीच्या स्थळाचे. त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. पडद्यावर दोन मोटारी होत्या. एक पोर्शेची 911, दुसरी लॅम्बोर्गिनी. किंमत दोन कोटींच्या पुढची. "यातली कोणती घेऊ?"

वाचक माउली, मी हसलो. आता त्या हसण्याची लाज वाटते.

हसण्याचे कारण असे की दोन्ही उत्तरे माझ्या जिभेवर तयार होती. पहिले उत्तर कीर्तनातले: राजाकडून आलेला घोड्याचा, छत्राचा, मशालींचा मान तुकोबारायांनी परत केला आणि तू माळकरी असून मोटारी काय मोजतोस? दुसरे उत्तर बाजारातले: कष्टाचा पैसा आहे, कर भरतोस, कुणाचे बुडवत नाहीस, मग हवी ती घे. ही दोन्ही उत्तरे देणाऱ्याला काही खर्च येत नाही. शिवाय तुकोबांपुढे जे आले ते बाहेरून आले होते. दाराशी आलेला मान परत पाठवायलाही मोठे धैर्य लागते, पण आपल्याच आत उगवलेली इच्छा ओळखायची, ती कुठून आली हे पाहायचे, हे काम निराळे. भाच्याच्या दारात कोणी मोटार आणून उभी केली नव्हती. ती बारा वर्षे त्याच्या मनातच उभी होती.

म्हणून मी म्हटले, "आधी मला दोन्ही गाड्या समजावून सांग."

मग तो दीड तास बोलला. त्याच्या तोंडून एवढी एकाग्रता मी कधी ऐकली नव्हती. लॅम्बोर्गिनी हे मुळात माणसाचे आडनाव. फेरुच्चो लॅम्बोर्गिनी 1916 साली इटलीत द्राक्षे पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या घरी जन्मला. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या टाकाऊ गाड्यांचे सुटे भाग गोळा करून त्याने ट्रॅक्टर बांधले आणि त्यातून तो श्रीमंत झाला. त्याच्याकडे फेरारी होती. तिच्या क्लचची कटकट तो घेऊन गेला, तेव्हा फेरारीच्या मालकाने त्याला ट्रॅक्टरवाला म्हणून उडवून लावले असे सांगतात. 1963 साली त्याने स्वतःचाच मोटारीचा कारखाना काढला. वृषभ राशीचा म्हणून चिन्ह बैलाचे घेतले. पुढे दहा-बारा वर्षांत त्याने तो कारखाना विकून टाकला, एका तळ्याकाठी जमीन घेतली आणि पुन्हा द्राक्षे लावली. भाचा हे सांगताना क्षणभर थांबला होता. केळीवाल्याला ते कुठेतरी लागले असावे.

पोर्शेची गोष्ट वेगळी. 911 पहिल्यांदा लोकांपुढे आली तीही 1963 सालीच. तिचे इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असते. जाणकार सांगतात की वजन ठेवायला ही जागा चुकीची, वळणावर गाडीचे शेपूट बाहेर जायला बघते. पण त्या लोकांनी इंजिन हलवले नाही. साठ वर्षे त्याच मांडणीवर काम करत राहिले, दरवेळी थोडे सुधारत. "मामा, एकच अभंग रोज म्हणतो ना आपण, तसं आहे ते," भाचा म्हणाला. उपमा मला थोडी धीट वाटली, पण खोटी वाटली नाही.

हे ऐकताना मला सारंगखेडा आठवले. तापीकाठचे हे गाव आता नंदुरबार जिल्ह्यात आहे, 1998 पर्यंत आपल्या धुळ्यातच होते. तिथे मार्गशीर्षी पौर्णिमेला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा मोठा बाजार. लहानपणी वडिलांबरोबर गेलो होतो. एक म्हातारा शौकीन घोड्यासमोर अर्धा दिवस बसला होता. त्याने दात पाहिले, कानांची टोके पाहिली, अंगावरचे भोवरे मोजले, मानेखालचा देवमण बोटाने चाचपला, मग घोड्याला रेवाल चालीवर फिरवायला लावले. किंमत विचारली नाही, कारण घ्यायला पैसेच नव्हते. वडील म्हणाले, "याला म्हणतात पारख." जळगाव तर सोन्याचे गाव, कसोटीवर घासून बोलणाऱ्यांचे. पारख ही आपल्याकडे दोषाची गोष्ट कधीच नव्हती.

वारीतसुद्धा नाही. माउलींच्या पालखी रथाला जुंपायची बैलजोडी कशी निवडतात ते आळंदीच्या मानकरी घराण्यांना विचारा. कितीतरी बाजार हिंडतात, शिंगांची ठेवण, खुरांची बांधणी, चाल, स्वभाव सगळे बघतात, लाखो रुपये मोजतात. रिंगणात धावणारे अश्व बेळगावकडच्या अंकलीहून शितोळे सरकारांकडून येतात, तेही ऐरेगैरे नसतात. उत्तम ते निवडावे, त्यासाठी जिवाचा आटापिटा करावा, ही वृत्ती वारकऱ्याला परकी नाही. तेव्हा भाच्याची दोन महिन्यांची झोपमोड मी पाप म्हणून मोजायला तयार नाही.

पण शौकात पारखेखेरीज आणखी एक गोष्ट असते, आणि ती पारखेच्या पोटात लपून येते. हे मी पुस्तकातून सांगत नाही.

1981 साली मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो. मोटारसायकल घ्यायची ठरली. येझदी रोडकिंग की बुलेट? तीन महिने मी दुसरे काही केले नाही. ज्याच्याकडे येझदी असेल त्याच्याकडे जाऊन बसायचे, ज्याच्याकडे बुलेट असेल त्याची फटफट डोळे मिटून ऐकायची. शेवटी येझदी घेतली, दोन सायलेन्सरवाली. त्या वर्षी आई मुक्ताबाईंच्या पालखीबरोबर पायी निघाली होती. दरवर्षी मीही काही मुक्काम चालायचो. त्या वर्षी म्हटले, गाडी आहे, आषाढीला थेट पंढरपूर गाठू. निघालो. बीडच्या अलीकडे दिंडी लागली. टाळ वाजत होते, बायकांच्या डोक्यावर तुळस होती, पाऊस बारीक लागला होता. मी हॉर्न वाजवला, कडेकडेने गाडी काढली आणि पुढे गेलो. आई त्या रांगेत होती. तिने मला पाहिले, मी तिला पाहिले नाही. पंढरपुरात मी तिच्याआधी कितीतरी दिवस पोचलो. ती आल्यावर चंद्रभागेच्या वाळवंटात भेट झाली, तेव्हा तिने एवढेच विचारले, "वाटेत काय काय पाह्यलं रे?" मला काही सांगता येईना. ते तीन महिने मात्र मला आजही तपशिलाने आठवतात: कोणाची येझदी कुठल्या रंगाची होती, कोणी काय सांगितले, एका सावकाराच्या मुलाने माझ्या गाडीकडे कसे वळून पाहिले. विशेषतः ते वळून पाहणे.

यावर कोणी म्हणेल, वाहनाचाच दोष. तसे मला वाटत नाही. 2020 साली साथीमुळे पायी वारी झाली नाही. मुक्ताईंच्या पादुका एसटीने एका दिवसात पंढरपुरी गेल्या. ज्या वाटेला महिन्याहून जास्त लागतो ती वाट एका दिवसात सरली. निरोप द्यायला मोजकी माणसे होती, आणि वर्षानुवर्षे चालणारे लोक घरात बसून रडले. त्या गाडीने कुणाचा अपमान केला नाही. ती सेवेत होती, तिच्यात बसून कोणाला दिसायचे नव्हते.

रिंगणात हेच मी इतकी वर्षे बघतो आणि दरवेळी नव्याने चकित होतो. दोन अश्व धावतात. एकावर पताका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याची पाठ रिकामी असते, तो माउलींचा. लाखभर डोळे त्या रिकाम्या पाठीवर लागलेले असतात. वेग असतो, देखणेपण असते, थरार असतो, लोक अक्षरशः श्वास धरतात. शौकिनाला हवे ते सगळे तिथे आहे. फक्त 'पाहा, हा मी' असे म्हणणारा कोणी वर बसलेला नाही. अश्व गेल्यावर लोक धावतात आणि टापांखालची माती कपाळाला लावतात.

हे मी भाच्याला त्या रात्री सांगितले. तो हुशार आहे, लगेच म्हणाला, "म्हणजे रात्री तीन वाजता, कुणी बघणार नाही अशा वेळी जी चालवावीशी वाटेल, ती घ्यायची?" मी हो म्हणणार होतो. पण ही कसोटीही पुरती खरी नाही. एकांतात माणूस अहंकाराला घरी ठेवून येतो असे कुठे आहे? आपणच आपले प्रेक्षक होतो, आणि तो प्रेक्षक सर्वांत खुशामती. तरीही प्रश्नाचा उपयोग झाला. तो बराच वेळ गप्प राहून म्हणाला, "लॅम्बोर्गिनी मला चौकात हवी आहे, मामा. पोर्शे मला पहाटे पाच वाजता पारोळ्याच्या पुढे, धुळ्याच्या रस्त्याला हवी आहे." एवढे प्रामाणिक वाक्य मला माझ्या येझदीबद्दल चाळीस वर्षांत सुचले नाही.

मग त्याने खरी अडचण काढली. ती गाड्यांची नव्हतीच. त्याच्या बागांत आणि वखारीवर घड कापणारी, वाहणारी पन्नासेक माणसे आहेत. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो. खांद्यावर घड, कपड्यांवर चिकाचे काळे डाग, दिवस उजाडायच्या आत कामाला सुरुवात. "गाडी मुंबईतल्या मित्राकडे ठेवीन म्हणतो. गावात आणायची हिंमत होत नाही." मी विचारले, का? तो म्हणाला, "मजुरीच्या बोलणीला बसतो तेव्हा मी त्यांना भाव पडल्याचं सांगतो. आणि भाव पडतात हे खोटं नाही, मामा. वादळात बाग आडवी होते तेव्हा मीच रडतो. पण त्याच अंगणात ती गाडी उभी असली तर?"

लपवावेसे वाटते ते वाईटच, असे सरसकट मी म्हणणार नाही. माणसे दान लपवतात, जप लपवतात. इथले लपवणे मात्र तसे नव्हते, आणि ते त्याला माझ्यापेक्षा आधी कळले होते. मी उत्तर दिले नाही. मला उत्तर येत नव्हते. दर रविवारी समतेवर निरूपण करणाऱ्या माणसाला पन्नास माणसांची मजुरी किती असावी हे सांगता येऊ नये, हेही आपण लक्षात घ्यावे.

एवढ्यात माझी बहीण, त्याची आई, स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने फोटो पाहिले आणि लॅम्बोर्गिनीवर बोट ठेवून विचारले, "दोनच जनं बसतीन ना रे इच्यात? मंग मले कुठी बसवशीन?"

बाहेर अजून टाळांचा आवाज येत होता. रथ गावात फिरत होता. 1872 साली अप्पा महाराजांनी सुरू केलेला हा रथ आपण सगळ्यांनी पाहिला आहे. त्याला सुकाणू नाही, ब्रेक नाही. ओढणारे शेकडो असतात, पण तो वळतो आणि थांबतो तो मोगरीवाल्यांमुळे. फिरत्या चाकाशी वाकून, पायाची बोटे वाचवत, नेमक्या क्षणी लाकडी मोगरी सारणारी ती चार-दोन माणसे. भाचा मघापासून त्याच्या गाड्यांच्या ब्रेकचे कौतुक करत होता. वेगाच्या गाडीची परीक्षा थांबण्यात असते, असे त्याचे म्हणणे. मी म्हटले, "चल, मोगरीवाल्यांना बघून येऊ." आम्ही तिघेही गेलो आणि उशिरापर्यंत चाकांजवळून चाललो.

चैत्रात त्याने पोर्शे घेतली. मागे दोन नावापुरत्या जागा आहेत. तिथे माझी बहीण तिरपी बसून, गुडघे पोटाशी घेऊन, मुक्ताईनगरला दर्शनाला गेली. पुढे मी बसलो होतो. परतताना रस्ता मोकळा होता, भाच्याने विचारले, "मामा, थोडी सोडू का?" मी मानेने हो म्हटले. पाठ आसनाला चिकटली, मागून तो आवाज आला, आणि सत्तरी ओलांडलेल्या या माळकऱ्याच्या तोंडून निघाले, "अजून थोडी." बहीण मागून हरी विठ्ठल, हरी विठ्ठल म्हणत होती, भीतीने की आनंदाने ते विचारले नाही.

गाडी मुंबईला ठेवलेली नाही, गावातच आहे, वखारीच्या अंगणात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. यंदाच्या मजुरीच्या बोलणीत काय झाले ते त्याने अजून सांगितलेले नाही, आणि मीही विचारायचे टाळतो आहे. पुढच्या एकादशीला तो येणार आहे.