खुर्ची बाईची, खोती कुणाची?

आपल्या बैठकीत एक विनोद हमखास होतो. 'सरपंच पती'चा. कुणीतरी सांगतो, अमक्या गावची सरपंच घरात भाकऱ्या थापते आणि नवरा पंचायतीत बसून शिक्के मारतो. झालं, सगळे हसतात. चहा येतो. मग परिवर्तन, प्रबोधन, व्यवस्था असे मोठे शब्द सुरू होतात. मला त्या हसण्यावरच लिहायचं आहे. कारण त्या हसण्याच्या पोटात एक विचार आहे, आणि तो बाबासाहेबांच्या चळवळीचा नाही. तो शत्रूकडून उसना आणलेला आहे.

कसा, ते सांगते.

१९३२ च्या पुणे करारानं स्वतंत्र मतदारसंघ गेले, राखीव जागा आल्या. जागा आपली, शेवटचं मत सगळ्यांचं. म्हणजे आपला माणूस निवडणार कोण? तर ज्यांच्या पुढ्यात उभं राहून त्यानं भांडायचं, तेच. ह्यातून जो पुढारी निपजला त्याला कांशीराम यांनी १९८२ मध्ये, कराराला पन्नास वर्षं झाली तेव्हा, चमचा म्हटलं आणि त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. ती नुसती शिवी नव्हती. चमचा आईच्या पोटातून येत नाही, त्याला घडवणारी एक रचना असते, हा त्यातला मुद्दा. आपल्यातला कुठलाही पोरगा झोपेतून उठवला तरी हे सांगेल.

आता हेच गणित बाईला लावा. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली. पंचायतीत एक तृतीयांश जागा बायकांच्या झाल्या, अनुसूचित जातींच्या जागांतही तेवढ्याच. २०११ मध्ये महाराष्ट्रानं त्या निम्म्या केल्या. जागा बाईची. पण तिला उभी कोण करणार? अर्ज कोण भरणार, अनामत कोण देणार, प्रचाराला गाडी कुणाची? सगळं पुरुषांचं. मग निवडून आलेली बाई कळसूत्री निघाली तर दोष रचनेचा की तिच्या अकलेचा? राखीव खासदाराबद्दल बोलताना आपण समाजशास्त्रज्ञ होतो आणि राखीव सरपंचिणीबद्दल बोलताना पानपट्टीवरचे टवाळ. हा दुटप्पीपणा आहे, दोस्त हो. एकाच रोगाला दोन निदानं.

'बाई अजून तयार नाही' हे दुसरं पालुपद. ते कुठून आलं? १९१९ मध्ये साऊथबरो समितीपुढे बाबासाहेब साक्षीला उभे राहिले. अस्पृश्यांचे प्रतिनिधी अस्पृश्यच हवेत, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला. अडाणी माणसाला मत कशाला, असं तेव्हा भले भले शहाणे म्हणत होते. आधी शिका, सुधारा, मग हक्क घ्या. बाबासाहेबांनी हा क्रमच नाकारला. हक्क हे लायकीचं बक्षीस नव्हे, हक्क वापरता वापरताच माणूस लायक होतो, ही त्यांची भूमिका. ज्यांच्या आज्याला ह्या युक्तिवादानं मत मिळालं, त्यांनी आपल्या बायकोला मात्र 'आधी तयार हो' म्हणावं?

आता आपल्या जिल्ह्याकडे या. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. ह्यात बायकांच्या उन्नतीचं कौतुक करण्यासारखं काही नाही. पुरुष मुंबईला चाकरीला गेले, एवढाच त्याचा अर्थ. मागं राहिल्या त्या बाया. शेत त्यांनी लावलं, लाकूडफाटा त्यांनी वाहिला, सासूसासरे त्यांनी सांभाळले, हापिसात खेटे त्यांनी घातले. म्हणजे गाव चालवण्याचा सराव ह्या जिल्ह्यात कुणाला असेल तर बायकांना. आणि आमदार बघा. दापोली, गुहागर, चिपळूण, रत्नागिरी, राजापूर. २०१९ ला पाचही पुरुष, २०२४ लाही पाचही पुरुष. कुसुम अभ्यंकर ह्या रत्नागिरीतून विधानसभेत गेल्या होत्या, ते आता म्हाताऱ्या माणसांनाच आठवतं. २००९ मध्ये रत्नागिरी-सिंधुदुर्ग लोकसभा मतदारसंघ झाला, तिथून बाई गेलेलीच नाही. राज्याच्या २८८ आमदारांत २०१९ साली २४ बाया होत्या, २०२४ ला त्याहून कमी झाल्या. लोकसभेत २०२४ ला ५४३ मध्ये ७४.

बाबासाहेबांचं आंबडवे ह्याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात. रमाईचं वणंद दापोलीजवळ. आपण दोन्हीकडे जाऊन फोटो काढतो.

कोकणातल्या माणसाला खोती समजावून सांगावी लागत नाही. कसणारा एक, हुकूम दुसऱ्याचा. बाबासाहेबांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती मोडायचं बिल आणलं. कायद्यानं खोती गेली ती १९४९ नंतर. पण सरपंचपदाकडे बघा, तिथं ती जिवंत आहे. नाव बाईचं, वहिवाट नवऱ्याची किंवा दिराची, आणि त्याच्याही वर गावकी. पंचायतीचा कायदा काही म्हणो, गावात आधी गावकी बसते. रस्ता कुठून जायचा, पाणी कुठल्या वाडीला पहिलं, राखीव जागेवर कोण, हे तिथं ठरतं आणि मग पंचायतीच्या रजिस्टरात उतरतं. गावकीत बाई बसत नाही. बौद्धवाडीतला माणूसही तिथं बहुतेक उंबऱ्याशीच. म्हणजे बौद्धवाडीतली बाई दोन उंबऱ्यांच्या पलीकडे. 'बिनविरोध' ह्या शब्दाचं वर्तमानपत्रात कौतुक छापून येतं ना, ते बिनविरोध कुठं ठरलं हे कुणी विचारत नाही. जागा अनुसूचित जातीच्या स्त्रीची निघाली की गावकी वाडीत येते आणि चार घरांतली सगळ्यात गरीब, सगळ्यात मुकी बाई निवडते. तिच्या मुकेपणावर नंतर आपणच हसायचं!

कागदांचं सांगते, कारण ते बाहेरून दिसत नाही. राखीव जागेवर उभं राहायचं तर जातीचा दाखला आणि पडताळणी. बाईची जात बापाकडून धरतात, म्हणून पुरावे सगळे माहेरचे. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, आज्याच्या नावचा एखादा उतारा. लग्नात नाव बदललेलं, कुठं आडनाव वेगळं, आजा गिरणीत मेला, शाळेचं दप्तर गळक्या छपरात कुजलं. नवऱ्याला सातबारा, दाखले सगळं एका गावात मिळतं. बाईला दुसऱ्या तालुक्यात भावाच्या पाया पडावं लागतं. आणखी एक. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर सदस्यपद रद्द. मूल किती हे ठरवणारा एक, जन्म देणारी दुसरी. अपात्र मात्र जिचा अर्ज तीच.

लांजा तालुक्यातली एक बाई मी जवळून पाहिली. २०२१ ची पंचायत, सात सदस्य. सरपंचपद अनुसूचित जातीच्या स्त्रीला गेलं आणि ती तशी एकटीच निवडून आलेली. पहिले तीन महिने काही विचारलं की म्हणायची, "मला काय इचारता, तेंना इचारा." मग एक दिवस तिनं प्रोसिडिंगवर सही करायचं नाकारलं. शेजारची नववीतली पोर बोलावली आणि तिच्याकडून सगळं मोठ्यानं वाचून घेतलं. त्यात बौद्धवाडीच्या नळाचं काम दाखवलं होतं. नळ नव्हताच. तिनं विचारलं, "ह्यो नळ खय हाय? मी रोज हंडे घेऊन फिरत्येय."

पंधरा दिवसांत अविश्वास ठराव. विरोधात पाच मतं पडली. एरवी दोन तृतीयांश लागतात, म्हणजे सातात पाच, ती पडली असती. पण पद स्त्रीसाठी राखीव असेल तर कायदा तीन चतुर्थांश मागतो, म्हणजे सहा. सहावं मत कुणाचं फुटलं ते गावाला माहीत आहे. कुणबीवाडीतली सदस्य बाई. तिनं घरी मार खाल्ला की नाही ते मी लिहीत नाही. ह्या दोघींनी कुठल्या शिबिरात भगिनीभाव शिकला नव्हता. दोघींच्या डोक्यावर हंडे होते, एवढंच.

पुढं मासिक सभेला कोरम होईनासा केला. घरात नवरा बोलेनासा झाला, कारण त्याला चहाच्या टपरीवर लोक 'सरपंचाचा घो' म्हणायचे. म्हणजे बघा, बायको बाहुली असेल तर तो सरपंच पती, बायको सरपंच असेल तर तो चेष्टेचा विषय. आपल्या त्या विनोदाची दुसरी बाजू ही. नवऱ्याला ह्या दोन्हींतून सुटायचा रस्ता आपण कधी दाखवला? नळ आला, पण दीड वर्षानं. आणि बाई पंचायत चालवायला शिकली तोवर चिठ्ठ्या निघायची वेळ आली. लहान पोराच्या हातानं डब्यातून चिठ्ठी काढतात, जागा बदलते. खुल्या जागेवर तिला कोण उभी करणार?

मला कुणी म्हणेल, हे सवर्णांच्या गावकीचं झालं. आपलं काय? म्हणूनच आपलं लिहिते. १९४२ च्या जुलैमध्ये नागपूरला दलित महिलांची परिषद झाली. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. त्या बायांनी घटस्फोटाचा हक्क मागितला, एकाहून अधिक बायका करण्याविरुद्ध ठराव केला, कामगार बायांच्या रजेबद्दल बोलल्या, आणि राखीव जागांचं तत्त्व जिथं मान्य झालंय तिथं आमच्या स्त्रियांना जागा ठेवा असंही म्हणाल्या. १९४२! तेव्हा ह्या बाया 'तयार' होत्या. शांताबाई दाणी नाशिकच्या, दादासाहेब गायकवाडांच्या बरोबरीनं चळवळीत राबल्या, १९६८ ते १९७४ विधान परिषदेत होत्या. त्यांच्यानंतर रिपब्लिकन पक्षाचे किती गट झाले ते मोजताना बोटं पुरत नाहीत. त्यातल्या किती गटांच्या अध्यक्षपदी बाई आली? एकमेकांशी कशावरच न पटणारे आपले पुढारी ह्या एका गोष्टीवर मात्र बरे एकमत आहेत.

आणि आपल्या गावशाखा, मुंबई शाखा? गाव बायका चालवतात, ठराव मुंबईत चाळीतल्या खोलीत पुरुष करतात आणि पत्रानं, आता मोबाईलवरून, गावाला कळवतात. महिला मंडळाकडे काय? वंदना, गाणी आणि जयंतीचा स्वयंपाक. हिशेबाची वही कुठल्या बाईच्या हातात आहे ते मला एका शाखेनं दाखवावं.

२०२३ मध्ये विधानसभा-लोकसभेत स्त्रियांना एक तृतीयांश जागा देणारा कायदा झाला. जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर लागू, अशी अट त्यातच घातली. त्यात अनुसूचित जातींच्या जागांतला तिसरा हिस्सा आपल्या बायकांचा आहे. पण रत्नागिरीच्या पाचांतला एकही मतदारसंघ अनुसूचित जातीला राखीव नाही. म्हणजे इथं बाईची जागा निघाली तर ती पुढाऱ्याच्या लेकीसुनेलाच जायची, हे काही साथी म्हणतात आणि त्यात खोटं काही नाही. पण म्हणून कायद्यालाच विरोध, हे मला पटत नाही. राखीव जागेवर चमचे येतात म्हणून आपण राखीव जागा सोडून दिल्या नाहीत. सर्वसाधारण स्त्रीच्या जागेवर बौद्धवाडीतली बाई उभी करायला कुठल्याही कायद्यानं बंदी केलेली नाही. अडचण आहे ती अनामत रकमेची, गाडीची आणि तिच्यामागं उभं राहणाऱ्या पोरांची.

त्या लांज्याच्या बाईनं मला गेल्या खेपेला विचारलं, "तुमच्या संघटनेत फॉर्म भरायचा तर नवऱ्याची सही लागते काय?" लागत नाही, म्हटलं मी. "मग तुमच्या मिटिंगा रात्री नवाला का ठेवतात?"

हा प्रश्न मी पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर लिहून पाठवला आहे. बैठक रात्री नऊला आहे.